निसटलेली चप्पल आणि ३८ सेंटिमीटर आतडं

बाई दवाखान्यात शिरल्या तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी बाहेर पायरीशी पडली होती. मागून येणाऱ्या सुनेनं ती उचलली, आत आणून त्यांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, हे रोजचंच झालंय. आत्तींची चप्पल वाटेतच राहते. मागं वळून बघितलं की मग कळतं."

"पट्टा सैल झालाय बघा बाई, दुसरं काय न्हाई," बाई म्हणाल्या.

मी वाकून पट्टा बघितला. चप्पल नवी होती, पट्टा घट्ट होता. चप्पल निसटते आणि पायाला पत्ता लागत नाही, असं कुणी सांगितलं की डॉक्टरनं खुर्चीतून उठायला हवं. त्या दिवशी मी उठले. पण त्याआधी आठ महिने या बाई माझ्याकडेच येत होत्या, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या आठ महिन्यांसाठी. घरच्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आजाराचे बदललेले नाहीत.

मागचा इतिहास

बाईंचं वय ५२, वजन ३८ किलो. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. भातशेती, थोडे काजू, एक म्हैस. नवरा माळकरी, आणि लग्नानंतर वर्षभरात यांच्याही गळ्यात तुळशीची माळ आली. तेव्हापासून मटण, मासे, अंडं सगळं बंद.

सहा वर्षांपूर्वी बेंबीच्या खाली उजवीकडे दुखायला लागलं. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ व्हायचं, वजन उतरत गेलं. बेळगावात दुर्बीण घालून तपासणी झाली. लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथं मिळतं त्या जागी जखमा दिसल्या. आपल्या देशात त्या जागी जखमा दिसल्या की डॉक्टरच्या मनात आधी टीबी येतो, आणि तो यायलाच हवा. टीबी आणि क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज ठेवणारा आजार) दोघांनाही हीच जागा आवडते, आणि दुर्बिणीतून बघून दोघांतला फरक ओळखणं अनुभवी माणसालाही जड जातं. म्हणून टीबीची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालायची आणि जखमा भरल्या का ते बघायचं, अशी रीत आहे. इथं ती दुसरी दुर्बीण राहून गेली. सहा महिन्यांचा कोर्स पुरा झाला, दुखणं जरा दबल्यासारखं वाटलं, आणि एका रात्री पोट फुगून आतडं अडकलं. ऑपरेशन झालं. काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत निदान आलं क्रोन्सचं. मग अ‍ॅझाथायोप्रिनची सूज दाबणारी गोळी सुरू झाली आणि बाई घरी आल्या. या गोष्टीला पाच वर्षं झाली.

ऑपरेशन एका गावात, पुढची तपासणी दुसऱ्या गावात, मधे काही महिने मुलाची नोकरी कोल्हापूरला म्हणून तिथल्या डॉक्टरकडे. आमच्या सीमाभागात हे नेहमीचं आहे. नातेवाईक ज्या बाजूला असतील त्या बाजूच्या दवाखान्यात माणूस जातो. राज्य बदलतं, फाइल बदलते, कागदाची भाषा बदलते. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, प्राथमिक आरोग्य केंद्राचं कार्ड कन्नडमध्ये, आणि बाईंना वाचता येतं ते मराठी, तेही हरिपाठापुरतं.

माझे आठ महिने

माझ्याकडे त्या पहिल्यांदा आल्या थकव्यासाठी. पिशवीत रक्तवाढीची लोहाची गोळी आणि ५ मिलिग्रॅमची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी होती, आधीच्या कुणीतरी दिलेली. आधीचं हिमोग्लोबिन ७.८, माझ्याकडे केलेलं ९.१. वाढतंय म्हणजे औषध लागू पडतंय, असं मी धरलं आणि दोन्ही गोळ्या चालू ठेवल्या. पुढं ते १०.४ झालं. बाई म्हणायच्या, "रक्त वाढलं म्हणता, पण अंगात जीवच न्हाई." मी म्हणायचे, "येईल काकू, वेळ लागतो."

मग पायाला मुंग्या यायला लागल्या. मी विचारपूस केली तेव्हा कळलं की पातळ व्हायला लागलं की बाई मेडिकलमधून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणून स्वतःच्या मनानं घेतात, कधी कधी महिनाभर. मेट्रोनिडाझोल फार दिवस घेतलं तर पायाच्या नसा बधिर होतात हे खरं आहे. मला उत्तर सापडल्यासारखं वाटलं. टीबीच्या औषधातल्या आयसोनियाझिडमुळेही बी-६ कमी होऊन मुंग्या येतात, पण ते बंद होऊन पाच वर्षं झाली होती, म्हणून तो संशय मी बाजूला ठेवला. मेट्रोनिडाझोल बंद करायला सांगितलं, बी-कॉम्प्लेक्सची गोळी दिली आणि दोन महिन्यांनी या म्हटलं. त्या दोन महिन्यांत घरच्यांनी मणक्याचा एक्स-रे काढून आणला आणि कमरेला पट्टा बांधला, कारण चालताना तोल जातो म्हणजे मणकाच, असं शेजारच्यांनी सांगितलं होतं.

औषधाचा दुष्परिणाम मी बरोबर शोधला होता. चूक एवढीच की एक कारण हाती लागल्यावर दुसरं शोधायचं मी थांबवलं.

त्या दिवशीची तपासणी

चपलेच्या दिवशी मी सुनेला विचारलं, आणखी काय काय बदललंय? ती म्हणाली, "न्हाणीत तोंड धुताना पडायला होतात. साबण लावून डोळे मिटले की कलंडतात. आता मी भिंतीला खुर्ची लावून ठेवलीय."

हे ऐकल्यावर तपासायचं फारसं उरत नाही, तरी तपासलं. पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं तर दोन मोजायच्या आत त्या माझ्या अंगावर आल्या. पायाचा अंगठा दोन बाजूंनी धरून वर-खाली हलवला आणि डोळे मिटून सांगायला सांगितलं, वर की खाली? दहापैकी पाच बरोबर. म्हणजे त्या अंदाजानं सांगत होत्या. १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला. "काय वाटतंय?" "गार लागतंय." "थरथरतंय का?" "न्हाई." घोट्यावर न्हाई. नडगीवर न्हाई. गुडघ्यावर ठेवला तेव्हा त्या दचकल्या, "आता वाजाय लागलं की!" फोर्क मघापासून वाजतच होता. जीभ लाल, गुळगुळीत, कडेचे खरखरीत दाणे गेलेले. गेले सहा महिने त्यांनी तिखट सोडलं होतं, कारण जीभ भाजल्यागत व्हायची. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी तोंड उघडायला लावलं नव्हतं.

पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, त्याच्या मागच्या भागातल्या नसांवरचं आवरण, बी-१२ नसलं की झिजायला लागतं. पाय कुठं आहे, जमीन कशी आहे, ही खबर मेंदूला देणाऱ्या नसा त्या. डोळे उघडे असतात तोवर माणूस बघून चालतो. डोळे मिटले, अंधार झाला, की पाय हरवतो.

मी रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी बी-१२ ची पहिली सुई दिली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सुई देऊन नंतर रक्त तपासलं तर आकडा खोटा चढलेला येतो आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर फसतो. आणि एकदा नसांची लक्षणं दिसल्यावर रिपोर्टसाठी थांबणंही बरोबर नाही.

दोन दिवसांनी आकडे आले. बी-१२ ९६ पिकोग्रॅम, साधारण २०० च्या वर असायला हवं. हिमोग्लोबिन १०.४. तांबड्या पेशींचा सरासरी आकार ८९, म्हणजे अगदी नॉर्मल. बी-१२ कमी असलं की पेशी मोठ्या होतात, हे आम्ही पाठ केलेलं असतं. इथं त्या मोठ्या का दिसल्या नाहीत? कारण बाईंना लोहाचीही कमतरता होती, आणि लोह कमी असलं की पेशी लहान होतात. काही लहान, काही मोठ्या, सरासरी बरोबर मधोमध. त्याच कागदावर एक ओळ खाली पेशींच्या आकारातला फरक दाखवणारा आरडीडब्ल्यू २१ होता, तो असतो साधारण साडेचौदाच्या आत. तो आकडा आधीच्या दोन रिपोर्टांवरही चढलेलाच होता, मी उघडून बघितलं. समजा पेशी मोठ्या दिसल्या असत्या, तरी दोष अ‍ॅझाथायोप्रिनवर गेला असता, कारण त्या गोळीनंही पेशी मोठ्या होतात.

पिशवीतला कागद

मी सुनेला सांगितलं, घरात असेल नसेल तो ऑपरेशनचा प्रत्येक कागद घेऊन ये. तिसऱ्या दिवशी ती साडीच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. रेशनकार्ड, वीजबिलं, मुलाचा दहावीचा दाखला, आणि घडी घालून घालून चौथ्या घडीला फाटायला आलेलं डिस्चार्ज कार्ड. त्यावर ऑपरेशनचं नाव होतं, टाके कधी काढायचे ते होतं, औषधं होती. आतड्याचा कुठला भाग आणि किती काढला, हे नव्हतं. बी-१२ चा शब्द नव्हता.

तो आकडा सापडला लॅबच्या वेगळ्या कागदावर, तुकड्याच्या वर्णनात, बारीक इंग्रजी टाइपात: लहान आतडं ३८ सेंटिमीटर. लॅबमध्ये पोचेपर्यंत तुकडा आक्रसतो, म्हणजे अंगातून गेलेलं आतडं याहून जास्तच. लहान आतड्याचा शेवटचा २० सेंटिमीटरहून जास्त भाग काढला असेल तर क्रोन्सच्या रुग्णाला बी-१२ बाहेरून द्यायचंच, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. रक्तात कमी येईपर्यंत थांबायचं नाही. पाच वर्षं हा कागद पिशवीत होता. मी आठ महिन्यांत एकदाही मागितला नव्हता.

सुनेला मी हे सगळं आमच्या रेल्वेवरून समजावलं. पोटातून पुढं निघालेलं अन्न म्हणजे बेळगावहून सुटलेली गाडी समज. लोह आणि बरंचसं कॅल्शियम बेळगावलाच उतरतं, म्हणजे लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला. फॉलिक अ‍ॅसिड खानापूरपर्यंत उतरून जातं. बी-१२ मात्र मधल्या कुठल्याच स्टेशनावर उतरत नाही, ते थेट लोंढ्याला, म्हणजे लहान आतड्याच्या अगदी शेवटी. तेही एकटं उतरत नाही, जठरात तयार होणारं एक प्रथिन त्याचा हात धरून शेवटपर्यंत नेतं, आणि लोंढ्याच्या फलाटावर त्या जोडीला ओळखणारी दारं असतात. तुझ्या सासूबाईंचं लोंढा स्टेशनच उचललंय.

ती म्हणाली, "मग कितीबी दूध प्याल्या तरी..."

"तरी गाडी पुढं निघून जाणार."

१९३२ साली न्यू यॉर्कमध्ये बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी या आजारावर लेख लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढचे रुग्ण आतड्याच्या नेमक्या याच शेवटच्या भागाचे होते. पुढं कळलं की क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो. पण लोंढ्याची ती जागा त्याची खास. म्हणून ऑपरेशन झालेलं नसलं, तरी तो शेवटचा भाग फार सुजलेला असेल तर बी-१२ कडे लक्ष ठेवावंच लागतं.

आतडं कापल्यावर लक्षणं लगेच का आली नाहीत? यकृत बी-१२ चा साठा करतं, दोन ते पाच मिलिग्रॅमचा. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांत मोजायची. साठा वर्षानुवर्षं पुरतो. शिवाय पित्तातून आतड्यात आलेलं बी-१२ शरीर पुन्हा शोषून घेतं, पण तेही लोंढ्यालाच. ते स्टेशन गेलं की येणं बंद होतं आणि गळती सुरू होते. तीन ते पाच वर्षांत कोठार रिकामं. बाईंना पाचव्या वर्षी मुंग्या आल्या. त्यांचं कोठार मुळात भरलेलं असण्याचीही शक्यता कमी होती. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ साली ते प्रसिद्ध झालं. त्यातल्या ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं, आणि ती धडधाकट आतड्याची माणसं होती.

फॉलिक अ‍ॅसिडनं काय केलं

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. तांबड्या पेशी तयार व्हायला बी-१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड दोन्ही लागतात. भरपूर फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर बी-१२ शिवायही पेशी काही काळ तयार होत राहतात, हिमोग्लोबिन चढतं. नसांना मात्र त्याचा काही उपयोग नाही. रक्ताचा रिपोर्ट सुधारत जातो आणि आत मज्जारज्जू झिजत जातो. मी बाईंना "रक्त वाढतंय" म्हणत होते तेव्हा नेमकं हेच चाललं होतं.

फॉलिक अ‍ॅसिडची गोष्ट सुरू होते ती मुंबईत. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ साली तिथं आली आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगावर काम करू लागली. यीस्टच्या अर्कानं त्या बायकांचं रक्त भरून येतं, हे तिनं दाखवलं, १९३१ साली त्यावर लिहिलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे आपलं फॉलिक अ‍ॅसिड. १९४० च्या दशकात ते कारखान्यात तयार व्हायला लागल्यावर बी-१२ शोषता न येणाऱ्या रुग्णांनाही दिलं गेलं. रक्त सुधारलं, आणि पुढं त्यातल्या कित्येकांच्या नसा बिघडत गेल्या. १९४८ साली बी-१२ वेगळं काढता आलं तेव्हा कुठं त्यांना खरं औषध मिळालं. म्हणजे ही चूक एकदा होऊन, लिहून, शिकवून झालेली आहे. मीही परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलंय.

उपचार

फॉलिक अ‍ॅसिड थांबवलं, रक्तात ते भरपूर होतं. बी-१२ ची १००० मायक्रोग्रॅमची सुई दिवसाआड तीन आठवडे, मग आठवड्याला एक असे दोन महिने, मग महिन्याला एक, आयुष्यभर. सुई निवडताना बी-१, बी-६ मिसळलेली घेतली नाही, नुसत्या बी-१२ ची घेतली. बी-६ मोठ्या मात्रेत फार दिवस गेलं तर तेही नसा बिघडवतं, आणि इथं नसा कशानं सुधारतायत हे मला स्वच्छ दिसायला हवं होतं.

गोळी का नाही, असं मुलानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. आतड्याची ती दारं नसली तरी गोळीतलं साधारण एक टक्का बी-१२ आतड्याच्या भिंतीतून झिरपून आत जातं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत १५ मायक्रोग्रॅम असेल तर आत जाणार ०.१५. मी दिलेल्या गोळीची किंमत ही. १००० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेतली तर आत जाणार दहा, आणि ते गरजेला पुरतं. काही रुग्णांना पुढं अशी मोठी गोळी चालते. पण नसांवर परिणाम झालेला असताना, अजून पातळ होत असताना, मला झिरपण्यावर विसंबायचं नव्हतं.

आमच्या भागात "ताकदीची लाल सुई" मागणारे रोज येतात. बी-१२ चा रंगच लाल, त्यात कोबाल्ट असतं. कापणीच्या दिवसांत अंग दुखतं म्हणून ती घेणारे धडधाकट गडी मी बघते. आणि जिला ती जन्मभर लागणार, तिला पाच वर्षांत कुणी दिली नाही.

लोहाचा प्रश्न वेगळा होता. बेळगाव स्टेशन शाबूत असताना लोह का उतरत नाही? कारण अंगात सूज असली की यकृत हेप्सिडिन नावाचं द्रव्य सोडतं आणि ते फलाटाचं दार लावून घेतं. बाईंचा सूज दाखवणारा सीआरपी १८ होता, म्हणजे क्रोन्स आतून जागा होता. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ४१ आलं. एरवी ते पुरेसं म्हटलं असतं, पण फेरिटिन सुजेनंही चढतं, म्हणून सूज असताना १०० च्या आतलं फेरिटिन लोहाची कमतरताच धरायची. दार बंद असताना लोहाची गोळी आतड्यातच पडून राहते, पोट बिघडवते. शिरेतून आयर्न सुक्रोज २०० मिलिग्रॅम, असे पाच डोस दिले. एकाच बैठकीत जास्त लोह देता येणारं फेरिक कार्बोक्सिमाल्टोज मी टाळलं, कारण त्यानं रक्तातलं फॉस्फरस उतरू शकतं आणि बाईंचं व्हिटॅमिन डी आधीच ९ होतं.

नऊ! भर उन्हात भात लावणाऱ्या बाईंचं. सुनेला ते खरंच वाटेना. पण रानात उतरताना डोक्यावर पदर, अंगभर लुगडं, हात कोपरापर्यंत झाकलेले. जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. आणि डी, ए, ई, के ही चारही व्हिटॅमिनं स्निग्धात विरघळणारी, ती शोषायला पित्त लागतं. पित्ताचे क्षारही शेवटच्या आतड्यातच परत शोषले जातात. लोंढा गेल्यावर पित्तही वाया जातं, मोठ्या आतड्यात जाऊन जुलाब वाढवतं. त्यात सूज उसळली की मधे मधे दिलेले स्टिरॉइडचे कोर्स, ते हाडं पोखरतात. ६० हजार युनिटचं डी आठवड्यातून एकदा, दुधाबरोबर, बारा आठवडे, सोबत कॅल्शियम. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. कुणाच्या सांगण्यावरून वरून डी ची मोठी सुई घ्यायची नाही हे मी बजावून सांगितलं, कारण ते साठत जातं आणि जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंड बिघडतं. रक्त गोठण्याची तपासणी ठीक आली, म्हणून के ची काळजी नव्हती. झिंक सततच्या जुलाबांतून जातं, तोंडाची चवही त्यानं जाते, पण सूज असताना झिंकचा आकडा भरवशाचा नसतो. थोडे दिवस गोळी दिली.

बेळगावच्या पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. जोडलेल्या जागी नव्या जखमा होत्या. अ‍ॅझाथायोप्रिनची मात्रा वजनाच्या मानानं कमी होती, ती त्यांनी रक्ताच्या पेशी मोजत मोजत वाढवली. आतली सूज शमल्याशिवाय वरून कितीही व्हिटॅमिनं ओतली तरी टिकत नाहीत, म्हणून हे काम सुईइतकंच मोलाचं होतं. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसचं तिकीट नाही. सासू-सून दर महिन्याला बेळगावला जाऊ शकल्या त्याला ही सोय कारण आहे.

पथ्याबद्दल

घरात पाच वर्षं पथ्य चाललं होतं. पेज, मऊ भात, कधी मुगाचं वरण. पालेभाजी बंद, फळं बंद, दूध बंद, ताकसुद्धा बंद. कुणी सांगितलं, हे कुणालाच नीट आठवेना. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांसाठी सांगितलेलं असेल, ते घरानं व्रतासारखं पाळलं. माया होती त्यामागं, मी कुणाला बोल लावला नाही. पण पालेभाज्या आणि फळं कायमची गेली की फॉलिक अ‍ॅसिड आणि सी व्हिटॅमिन कमी पडायला लागतं, आणि शाकाहारी माणसाचं दूध-दही गेलं की बी-१२ चा त्याच्या ताटातला एकमेव दरवाजा बंद होतो. आतडं अरुंद झालेलं असेल तर देठ, साली, चोथा टाळायला हवा, बियांची फळं जपून. पण शिजवून घोटलेली पालक, पिकलेलं केळं, पपई, भोपळा चालतो. दुधानं पोट फुगत असेल तर दही-ताक बघावं. म्हशीचं दूध घरात असून डेअरीला जात होतं, ते थोडं विरजणात राहायला लागलं.

हे सगळं लिहिताना एक भीती वाटते. "आतड्याला सूज" एवढं ऐकून कुणी हाच नुस्खा दुसऱ्याला लावेल. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा आजार मोठ्या आतड्यापुरता असतो. त्यात बी-१२ बहुधा शाबूत राहतं, रक्त पडून पडून लोह जातं, आणि सल्फासॅलाझिन चालू असेल तर ते फॉलिक अ‍ॅसिडचं शोषण अडवतं. तिथं फॉलिक अ‍ॅसिडची गोळीच द्यावी लागते, मात्र बी-१२ ठीक आहे हे बघून. क्रोन्समध्ये मेथोट्रेक्सेट चालू असलं तरी तेच.

कार्ड

डिस्चार्ज कार्डावर जी ओळ नव्हती ती आम्ही लिहिली. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, तीन भाषांत. मराठी मी लिहिलं, इंग्रजी मी लिहिलं, कन्नड सुनेनं. तिचं माहेर बैलहोंगलकडचं, शाळा कन्नड माध्यमाची. मजकूर एवढाच: लहान आतड्याचा शेवटचा ३८ सेंटिमीटर भाग काढलेला आहे. क्रोन्सचा आजार आहे. बी-१२ ची सुई दर महिन्याला, जन्मभर, थांबवू नये. बी-१२ तपासल्याशिवाय नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देऊ नये. वर्षातून एकदा बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड, डी, फेरिटिन तपासावं, आजार उसळला तर रक्त आणि फेरिटिन तीन महिन्यांनी. मुलानं ते लॅमिनेट करून आधारकार्डाच्या पाकिटात ठेवलं.

महिन्याची तारीख मात्र राहिना. पहिले दोन महिने सुई चुकली, एकदा सुगी म्हणून, एकदा लग्न म्हणून. तोडगा बाईंनीच काढला. "संकष्टी मी कधी चुकवली न्हाई," त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी टोचून घेतो." संकष्टी महिन्यातून एकदा, अंतर एकोणतीस-तीस दिवसांचं. मला याहून चांगलं वेळापत्रक सुचलं नसतं. आता भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाच्या वेळेखाली सून पेननं "सुई" लिहून ठेवते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना कार्ड वाचता येतं, कारण मधला परिच्छेद त्यांच्या भाषेत आहे. संकष्टी रविवारी आली तर सोमवारी.

आजची स्थिती

जीभ दोन आठवड्यांत निवळली. तिसऱ्या आठवड्यात मुंग्या उलट वाढल्या आणि घरचे घाबरले. सुरुवातीला असं होऊ शकतं, हे मी आधी सांगायला हवं होतं. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन १२.१, तिसऱ्या महिन्यातलं डी ३१. वजन ४३ किलो. सहाव्या महिन्यात न्हाणीतली खुर्ची निघाली. अंधारात परसात जायला मात्र अजून बॅटरी आणि हाताला कुणीतरी लागतं, आणि बांधावरून त्या एकट्या चालत नाहीत. नसांचं जे भरून यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात येतं. चौदा महिने झालेत.

परवा पुन्हा फोर्क लावला. डोळे मिटलेले. अंगठ्यावर काही नाही. घोट्यावर ठेवला तशा त्या म्हणाल्या, "वाजतंय." थोडा वेळ गेला. "वाजतंय... थांबलं." मी फोर्क उचलून माझ्या घोट्याला लावला. तो अजून वाजत होता. घड्याळ बघून मोजलं, नऊ सेकंद.